सव्वादोननंतरची रेषा

आज कूलरचं गवत बदललं. आता दोन दिवस घरभर ओल्या लाकडाचा वास राहील, सुताराच्या दुकानात कुणी बादली सांडल्यासारखा. तिसऱ्या दिवशी तो वास नाकाला कळेनासा होतो. त्या दिवशी मी पाण्याच्या वहीत ‘उन्हाळा सुरू’ असं लिहिते. आकाशाचं काहीही म्हणणं असो, आमच्या घरी उन्हाळा माझ्या वहीप्रमाणे सुरू होतो.

सई, ओजस, तुम्ही राहता तिथे या दिवसांत छपरावरचा बर्फ वितळत असेल. इथे उस्मानपुऱ्यात सकाळी दहालाच रस्ता पांढरा दिसू लागतो. शेजारचं कुत्रं आमच्या नळाखालच्या ओल्या फरशीवर पोट टेकून पडतं आणि जाणाऱ्या-येणाऱ्याकडे बघण्याचेही कष्ट घेत नाही. मी साडेनऊला खिडक्या लावते, पडदे ओढते, माठाचं फडकं ओलं करते. संध्याकाळी साडेसहाला खिडक्या उघडते. ऊन घरात येऊ नये म्हणून चाळीस वर्षं मी हे घड्याळ बघून करत आले.

आता खिडक्यांशिवाय बाकीचं बरंचसं काम पॅसेजमधल्या भिंतीवरची पेटी करते. तुम्ही आला होतात तेव्हा पाहिली आहे. आतून हिरवा दिवा दिसणारा तो प्लास्टिकचा डबा माझा शंकरपाळ्यांचा डबा होता, हे मात्र तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. हवा तापली की डब्यातून ‘टक’ असा आवाज येतो आणि कूलर सुरू होतो. संध्याकाळी बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की पुन्हा ‘टक’, कूलर बंद होतो आणि स्वयंपाकघरातला पंखा गरम हवा बाहेर फेकू लागतो. जानेवारीत याच पेटीवर गीझर आणि आजोबांच्या गुडघ्यांसाठीचा हीटर चालतो. आजोबांनी ती स्वतः जोडली. बाजारात तयार मिळते असं तुमचा बाबा सांगत होता, पण ज्या माणसाने सगळी नोकरी कारखान्यातल्या बॉयलरांची तापमानं सांभाळण्यात घालवली, त्याला तयार पेटी आणणं म्हणजे घरी स्वयंपाक येत असताना डबा लावण्यासारखं वाटलं असावं.

गवताचा वास आला की मला तीन वर्षांपूर्वीचा उन्हाळा आठवतो. त्या उन्हाळ्यात आम्ही दोघं एकाच घरात एकमेकांवर पाळत ठेवून होतो.

सुरुवात पाण्यापासून झाली. आपल्या गावात नळ रोज येत नाही. कधी सहाव्या दिवशी येतो, कधी आठव्या, आणि येण्याची वेळ आधी कळेलच असं नाही. त्यासाठीच माझी वही आहे: नळ कधी आला, किती वेळ टिकला, गच्चीवरची टाकी किती भरली. मी बावीस वर्षं इंग्रजी व्याकरण शिकवलं; नियम आणि अपवाद वेगवेगळ्या रकान्यांत लिहायची सवय तिथली. कूलर दुपारभरात दोन-अडीच बादल्या पाणी पितो. ते पाणी गवतावरून ठिबकतं, हवेत जातं आणि संपतं. मला ते बघवत नसे. आजोबांशी त्यावरून एकदा चांगलीच वादावादी झाली होती. ते म्हणाले, “तुझं चाललं तर तू पाहुण्यांना अर्धा पेला पाणी देशील आणि उरलेलं तोंडी सांगशील.” कांताबाई तेव्हा भांडी घासत होती. ती इतकी हसली की तिच्या हातातलं ताट निसटलं.

त्यानंतर मी वाद घातला नाही. मी दुसरा मार्ग काढला.

जेवण झालं की आजोबा दीडला कूलर लावायचे आणि आडवे व्हायचे. दोनला त्यांची झोप लागलेली असायची. सव्वादोनला मी उठायची, पायातल्या चपला काढून, आणि कूलरच्या अंगावरचं पंपाचं बटण बंद करायची. पंखा चालूच राहायचा, त्यामुळे आवाज तोच. ओल्या गवतावर आणखी पंधरा-वीस मिनिटं गारवा निघायचा. साडेतीनला, ते उठण्याआधी, मी बटण परत चालू करायची. रोज निम्मं पाणी वाचायचं. वहीत मी त्याची नोंद करत नव्हते. माझ्या वहीपासून तेवढी एकच गोष्ट लपवलेली होती.

पण झोप काही वहीप्रमाणे चालत नाही. कधी कधी ते तीनलाच उठायचे, मानेवरून घाम ओघळत. कूलर भट्टीसारखी हवा फेकत असायचा. ते उठून बटणाकडे बघायचे आणि मला विचारायचे, “मी पंप लावला नव्हता का?”

मी भाजी निवडता निवडता म्हणायची, “नसेल लावला.”

हे मी किती वेळा म्हणाले, ते मी मोजलं नाही. मोजायला हवं होतं.

एप्रिलच्या सुरुवातीला आजोबांनी जेवणाचं टेबल ताब्यात घेतलं. त्यावर बारीक तारा, स्क्रू, एक हिरवा बोर्ड, भिंगाचा दिवा आणि तापवून कथील लावायचं यंत्र. घरात राळेचा धूर पसरू लागला. एका स्टीलच्या पेल्यात बर्फ घालून त्यात तापमान मोजायच्या काड्या बुडवायच्या, दुसऱ्यात उकळतं पाणी, आणि कागदावर आकडे लिहायचे. मी विचारलं, “हे काय चाललंय?”

“कूलर आपोआप चालेल.”

“आत्तापर्यंत कोण चालवत होतं?”

“तेच बघायचंय,” ते म्हणाले आणि पुन्हा भिंगाखाली वाकले.

त्या उत्तराने माझ्या मनात पहिला काटा रुतला. तेच बघायचंय म्हणजे काय? मग मला एकेक गोष्ट दिसू लागली. तुमच्या बाबाचा फोन आला की आजोबा आतल्या खोलीत जाऊन दार लावत. आधी असं कधी नव्हतं. तो प्रोग्राम लिहायला मदत करत होता हे खरं, पण प्रोग्रामसाठी दार कशाला लावायला हवं? एकदा मी धुतलेले कपडे ठेवायला म्हणून दाराशी गेले, तेव्हा ऐकू आलं, “आईला यातलं काही सांगू नकोस.” मी कपडे तिथेच खुर्चीवर ठेवले. मला वाटलं, हे दोघं मिळून आमचं बिऱ्हाड हलवायचं ठरवत आहेत. आधी घरात काड्या लावायच्या, मग तिकडून आकडे बघायचे, मग म्हणायचं की एवढ्या उन्हात तुम्ही राहू शकत नाही.

कांताबाईला वेगळंच वाटलं. ती आमच्याकडे एकोणीस वर्षं काम करते आणि तिचा अंदाज सहसा चुकत नाही. भिंतीवरून खाली सोडलेल्या तारा बघून ती म्हणाली, “बाई, साहेबानं भिंतीला सलाईन लावलंय का काय? कोन आजारी हाय?”

“कुणी नाही. कूलरसाठी आहे.”

“कूलरला इतकं लागतंय व्हय? माझ्या नवऱ्याला दवाखान्यात येवढ्या तारा नव्हत्या लावल्या.”

माझ्या संशयाला एक पुरावाही मिळाला. आजोबांनी सांगितलं होतं की काड्या तीन आहेत: एक त्यांच्या खोलीत, एक हॉलमध्ये, एक बाहेर व्हरांड्यात. डब्यात शिरणाऱ्या तारा मी मोजल्या. चार होत्या. मी विचारलं तर म्हणाले, “एक जास्तीची आहे, लागली तर असू दे.” जास्तीची तार भिंतीवर एवढी नीट खिळे मारून कुणी नेत नाही. ते दाढी करत असताना मी तिच्या मागे मागे गेले. ती पडद्याच्या मागून, कपाटाच्या कडेने जाऊन कूलरच्या तोंडात, जिथून हवा बाहेर येते त्या जाळीच्या आत संपत होती.

म्हणजे ही माझ्यासाठी होती. पंप बंद झाला, हवा गरम झाली, की पेटीला कळणार. आजोबा मला रंगेहाथ पकडणार आणि तो अर्ध्या पेल्याचा विनोद पुन्हा सगळ्यांसमोर सांगणार. मला भयंकर राग आला. दोन दिवस मी बटणाला हात लावला नाही. नळ यायला झाला होता, पण दुसऱ्या दिवशी आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही, आणि टाकीत काठी घातली तर वीतभर पाणी. पेटी पंपापर्यंत वीज पोचवत होती हे खरं, पण कूलरच्या अंगावरचं जुनं बटण तसंच होतं. सव्वादोनला मी चपला काढल्या.

त्याच आठवड्यात मी आजोबांबरोबर गुलमंडीला गेले. ‘मलाही परकरासाठी कापड बघायचंय’ म्हणून गेले, खरं तर ते कुठे जातात ते बघायला. मागच्या गल्लीत सुट्या भागांचं एक चिंचोळं दुकान होतं. दुकानदाराने आजोबांना स्टूल दिलं, मला खुर्ची दिली आणि म्हणाला, “आंटी, अंकल तो हमारे कू सिखाके जाते. ये रिले का काम, अपने आप चालू-बंद होने का, अपने कू मालूमच नहीं था.”

आजोबा हसले. “सीख लो मियाँ, जब तक मेरे कू याद है.”

दुकानदारही हसला. मी आजोबांच्या हातातल्या पुडीकडे बघत होते, तिच्यात आणखी एखादी काडी आहे का म्हणून. वाक्य माझ्या कानावरून गेलं आणि गेलंच. संशयाचं हेच वाईट असतं. तो माणसाला फार बारीक बघायला लावतो आणि नेमकं समोरचं दिसू देत नाही.

मग एका सकाळी कांताबाई फरशी पुसता पुसता थांबली. फडकं बादलीत तसंच धरून म्हणाली, “बाई, एक इचारू? साहेबाला काय झालंय?”

“काय होणार? टेबल अडवून बसलेत महिनाभर.”

“तसं नाय. मागच्या आठवड्यात मला म्हनले, कांता, मी हल्ली इसरतो का गं? खरं सांग म्हनले. गॅस इसरतो का, नळ इसरतो का. मी म्हनलं, नाय साहेब. तर म्हनले, पंप रोज लावायचा इसरतो मी. लावला असं वाटतं आन् लावलेला नसतो. त्यांच्या भावाचं असंच झालं हुतं म्हनं सुरवातीला.”

तुम्ही आजोबांच्या थोरल्या भावाला पाहिलेलं नाही. शेवटची चार वर्षं ते आरशातल्या माणसाला नमस्कार करायचे आणि त्याला चहा आणा म्हणायचे. आजोबा दर रविवारी त्यांची दाढी करून द्यायला जात. परत आले की बराच वेळ हात धूत बसत.

कांताबाई म्हणाली, “बाई, पंप तर तुमीच बंद करता ना दुपारी? मी भांड्याला लवकर आले हुते तवा बघितलंय दोनदा.”

मी म्हणाले, “हो.”

“मग सांगा की त्यास्नी. लई भ्यालेत.”

कांताबाई एवढंच बोलली आणि फरशीकडे वळली. उरलेली फरशी तिने माझ्याकडे न बघता पुसली.

त्या दिवशी आजोबा आंघोळीला गेल्यावर मी टेबलापाशी गेले. शाळेत मी मुलींना सांगत असे की दुसऱ्याचे कागद वाचू नयेत. मी वाचले. आलेखाच्या कागदांचा एक गठ्ठा होता, रोजचा एक कागद. पेटीने टिपलेले आकडे आजोबांनी पेन्सिलीने रेषेत जोडले होते. त्यांना मोबाईलवरची रेषा पुरत नाही, हाताने काढल्याशिवाय कळत नाही. चौथ्या काडीची रेषा निळी होती. दीडला ती खाली उतरायची, सपाट व्हायची, आणि सव्वादोननंतर वळून वर चढायची. रोज. मधले दोन दिवस मात्र ती शेवटपर्यंत सपाट होती. ते दोन दिवस मला ओळखता आले.

प्रत्येक चढाच्या खाली त्यांनी बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं होतं. पहिल्या कागदावर: ‘मी?’ दुसऱ्यावर: ‘मी?’ तिसऱ्यावर: ‘पंप लावला होता. १.३५. दोनदा बघितलं. मी?’ असे आठ कागद. शेवटच्या कागदावर, मंगळवारच्या, पेन्सिल जोरात दाबून लिहिलं होतं: ‘मी नाही.’ त्याखाली दोन रेघा.

माझं नाव कुठेच नव्हतं. मी गठ्ठा दोनदा चाळला. मला वाटलं होतं ही सगळी तारांची मांडणी मला पकडण्यासाठी आहे. ते स्वतःला पकडायला बसले होते. चौथी तार त्यांनी पडद्यामागून नेली, ती मला दिसू नये म्हणून. आपण सापडलो तर निदान आधी आपल्यालाच कळावं म्हणून.

बाथरूममधला पाण्याचा आवाज थांबला. मी कागद होते तसे ठेवले, कडा जुळवून. मग वाटलं, कडा जुळवायची आता काय गरज, आणि मंगळवारचा कागद वरच राहू दिला.

चार वाजता चहा केला. आजोबा बशीत ओतून पीत होते. मी म्हणाले, “अहो, पंप मी बंद करत होते.”

“माहीत आहे.”

“कधीपासून माहीत आहे?”

“मंगळवारपासून. मंगळवारी झोपलोच नाही मी. डोळे मिटून पडलो होतो. तुझ्या चपला काढल्याचा आवाज येतो, तुला वाटतं येत नाही.”

“आज शुक्रवार आहे. मग बोलला का नाहीत?”

“तू बोलतेस का ते बघत होतो.” त्यांनी बशी खाली ठेवली. “क्रांती चौकातल्या डॉक्टरांची सोमवारची वेळ घेतली होती मी. मेंदूच्या. त्यांना काय सांगायचं तेही लिहून काढलं होतं. भावाचंही लिहिलं होतं.”

बोलण्यासारखं माझ्याजवळ एकच वाक्य होतं आणि ते महिनाभर उशिरा आलं असतं.

“नसेल लावला,” ते म्हणाले, माझ्याच आवाजात, माझ्याच सुरात. “किती सहज म्हणायचीस गं.”

मग उरलेला चहा बशीत ओतत ते म्हणाले, “पाणी किती वाचवलंस?”

“दिवसाला एक बादली. जरा जास्तच.”

“मग असं करू. वेळ पेटीतच घालू. वीस मिनिटं पंप, दहा मिनिटं बंद. गवत सुकत नाही तेवढ्यात. आणि तुला बटण बंद करायचंच असेल, तर मोठ्याने सांगून कर. मी झोपलो असलो तरी सांग.”

हा नियम आम्ही पाळला. तुम्ही दोघं पुढच्या वर्षी आलात तेव्हा ओजसने विचारलं होतं की आजी कूलरशी का बोलते. झोपलेल्या आजोबांसमोर उभी राहून मी म्हणत असे, “पंप बंद करते आहे हो.” आणि ते डोळे न उघडता म्हणत, “ऐकलं.” डॉक्टरांची वेळ त्यांनी फोन करून रद्द केली. मी शेजारी उभी होते. त्यांनी आवाज इतका हलका लावला होता की पलीकडच्या मुलीला वाटलं असेल, कुणीतरी लग्नाचं आमंत्रण देतंय.

तो उन्हाळा असा गेला. सांगण्यासारखं इतकंच असतं, तर मी आज लिहायला बसले नसते.

आज गवत बदलायचं होतं म्हणून काल आजोबांनी कूलरची टाकी धुतली. पाण्यात हात घालायचा म्हणून त्यांनी आधी पंपाचं बटण बंद केलं. मी दारात उभी होते, मी बघितलं. टाकी धुतली, पाणी भरलं, हात पुसले, मला म्हणाले, “झालं.” जेवलो. दीडला पेटीतून ‘टक’ आवाज आला, पंखा सुरू झाला. बटण बंदच होतं. माझ्या लक्षात आलं, पण मी उठले नाही. वाटलं, त्यांना आठवेल. एवढा जुना संशय अंगात मुरलेला. मला बघायचं होतं, त्यांना आठवतं का.

जुनं गवत कोरडंच राहिलं. अडीचला ते घामाने उठले. कूलरजवळ गेले, बटणाकडे बघितलं, बराच वेळ. मग माझ्याकडे वळले.

“पंप तू बंद केलास?”

त्यांच्या चेहऱ्यावर आठ कागद होते. मी ते वाचलेले आहेत, त्यामुळे मला ओळखता येतात.

“हो,” मी म्हणाले.

“मग सांगितलं नाहीस. ठरलंय ना आपलं?”

“विसरले.”

ते माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. मला वाटलं, आता हे जाऊन मोबाईलवरची रेषा बघणार. रेषा काल दीडपासून एकदाही खाली उतरलेली नाही; सव्वादोनचं वळण तिच्यात नाहीच. ती माझी रेषा नाही, हे त्यांना एका नजरेत कळलं असतं. ते मोबाईलकडे गेले नाहीत. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि फार मायेने म्हणाले, “होतं असं. वय झालं आता तुझं. घाबरू नकोस.”

आज सकाळी गवत बदलून झाल्यावर त्यांनी पुन्हा टेबल अडवलं. राळेचा वास, भिंग, तारा. दुपारपर्यंत त्यांनी माझ्या खुर्चीसमोरच्या भिंतीवर एक छोटा लाल दिवा बसवला. पंखा चालू असताना पंपाचं बटण बंद असलं की तो लागतो. “तुझ्यासाठी,” ते म्हणाले. “म्हणजे विसरलीस तरी दिसेल.” कांताबाईने दिव्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि त्याच्याखालची फरशी पुसून पुढे गेली.

क्रांती चौकातल्या त्या डॉक्टरांचा नंबर माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर आहे. सोमवारची वेळ मी घेतली आहे, माझ्या नावावर. आजोबा म्हणाले आहेत की मी तुझ्याबरोबर येतो, एकटी जाऊ नकोस. तिथे गेल्यावर खरं तर कुणाला तपासायचं ते मी डॉक्टरांना आधी फोन करून सांगून ठेवलं आहे.

तुमच्या बाबाच्या फोनवर आमच्या घराचे आलेख दिसतात. सईला ते बघायला आवडतात, मला माहीत आहे. कालचा आलेख ती उघडेल आणि तिच्या लक्षात येईल की निळी रेषा कधी उतरलीच नाही. तिला नीट बघता येतं, ती माझ्यावर गेली आहे. सई, बाबाला सोमवारनंतर मी स्वतः सांगेन. तोवर आजोबांनी फोनवर तुला विचारलं, की बघ बरं, काल पंप कुणी बंद ठेवला होता, तर सांग, आजीने.

माझ्या वहीतही मी तसंच लिहिलं आहे. तिच्यातली ही पहिली खोटी नोंद, शाईने, तारखेसह. आत्ता दुपारचे दोन वाजून गेलेत. आजोबा झोपले आहेत. पेटी टकटक करून आपलं काम करते आहे, दिवा विझलेला आहे, आणि मी त्याच्याकडे बघत बसले आहे.